न झालेल्या दंगलींचे कारभारी

2023 च्या सप्टेंबरात अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या. तारीख 28, वार गुरुवार. मुंबईपुरते बोलायचे तर लालबागचा राजा भायखळा, नागपाडा, दोन टाकी असा मुसलमान वस्त्यांमधूनच गिरगाव चौपाटीकडे जातो आणि ईदचा मोठा जुलूस निघतो तो भायखळ्याच्याच खिलाफत हाउसपासून. एका रस्त्यावर, एकाच दुपारी, अशा दोन मिरवणुका म्हणजे काय, हे बंदोबस्ताला उभ्या राहिलेल्या कोणत्याही हवालदाराला विचारावे. मुंबईत आणि राज्यातल्या कितीतरी गावांत ईदचा जुलूस एक दिवस पुढे ढकलायचे ठरले. सरकारने ईदची सुट्टीही 29 तारखेला नेली. 2024 मध्ये ईद 16 सप्टेंबरला आणि विसर्जन 17 ला आले, तेव्हा मुंबईतला जुलूस 18 ला निघाला. 2025 मध्ये ईद 5 ला, विसर्जन 6 ला. पुन्हा तेच, मुंबईतली सुट्टी 8 तारखेला. लागोपाठ तीन वर्षे हे घडले आणि तिन्ही वर्षी चर्चा रंगली ती सुट्टी नेमकी कधी मिळणार याची.

हा काही विलक्षण योगायोग नव्हे. हिजरी महिना चंद्रदर्शनापासून सुरू होतो, आपला शुद्ध प्रतिपदेपासून. दोन्ही चांद्रच, फरक एक-दोन दिवसांचा. म्हणून हिजरी महिन्याची बारावी तारीख शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशीच्या आसपासच पडते आणि दहावी पडते एकादशीच्या आसपास. आपल्याकडे अधिक मास धरतात, हिजरी पंचांगात तो नाही. त्यामुळे दर अडीच-तीन वर्षांनी महिन्यांच्या जोड्या बदलतात आणि तीच जोडी पुन्हा जमायला बत्तीस-तेहतीस वर्षे लागतात. 2018 ते 2020 या काळात गणेशोत्सवाच्या दहा दिवसांतच मोहरम आला. 2022 मध्ये 10 जुलैला आणि 2023 मध्ये 29 जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी होत्या. त्या दोन्ही वर्षी पंढरपूरसह अनेक ठिकाणच्या मुसलमानांनी एकादशीला कुर्बानी करायची नाही, ती दुसऱ्या दिवशी करायची असे ठरवले. अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद ही जोडी याआधी जमली होती ती 1990 च्या दशकाच्या अगदी सुरुवातीला. तो काळ पुढे येणारच आहे.

प्रश्न असा की हे ठरवते कोण? ‘मुस्लिम समाजाने निर्णय घेतला’ असे बातमीत असते. समाज निर्णय घेत नसतो. तो घेतात जमातीचे ट्रस्टी, जुलूस कमिटीचे पाच-सात लोक, आणि त्यांना तो घेता येतो तो पलीकडे बोलायला कुणीतरी असते म्हणून. त्या कुणीतरीमध्ये मंडळाचा एखादा जुना अध्यक्ष असतो, पोलीस ठाण्याचा एखादा समजूतदार निरीक्षक असतो, दोन्हीकडे ऊठबस असलेला शाळामास्तर किंवा डॉक्टर असतो. आपल्या जमातीतल्या तरण्या पोरांना ‘दर वेळी आपणच का?’ या प्रश्नाचे उत्तर देणे हे यातले सगळ्यांत अवघड काम. आणि तो प्रश्न रास्त आहे. या तिन्ही वर्षी माघार घेतली ती एकाच बाजूने. मशिदीसमोर ढोल थांबवणारी मंडळे आहेत, नमाजाच्या वेळी रस्ता मोकळा करून देणारी आहेत, पण तारीख बदलण्याच्या तोलाचे काही समोरून आलेले नाही. ज्यांनी पोरांची समजूत काढली त्यांच्या पदरात आपण काय टाकले, याचा हिशेब कधीतरी करावा लागेल.

आपल्याकडे सलोख्याचा इतिहास सांगायची एक ठरलेली रीत आहे. सुरुवात शेख महंमदांपासून होते. श्रीगोंद्याचा हा सतराव्या शतकातला मुसलमान संतकवी, योगसंग्रामाचा कर्ता, वारकऱ्यांना आपला वाटतो. मग अहमदनगरचे शाह शरीफ येतात, ज्यांच्या नावावरून मालोजीराजांनी मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली असे परंपरा सांगते. मग एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद, गावोगावचे पीर, उरूस, मलिदा, नवसाला बांधलेले धागे. हे सगळे खरे आहे आणि मोलाचे आहे. मात्र यातून जो निष्कर्ष काढला जातो, की माणसे एकमेकांच्या देवाला गेली की एकमेकांच्या जिवावर उठत नाहीत, तो इतिहासाला मंजूर नाही.

1893 घ्या. मुंबई-पुण्यातले मोहरम तोवर केवळ मुसलमानांचे नव्हते. हिंदू ताबूत बसवत, डोल्यांपुढे नाचत, फकिरी घेत. खेड्यांत तर पंजांची सवारी उचलणारा बहुधा हिंदूच असे, आजही अनेक गावांत असतो. त्याच वर्षी मोहरमात काठेवाडात प्रभासपाटणला दंगल झाली, तिचे लोण आणि तिच्यासाठीच्या सभा-वर्गण्या मुंबईत पोचल्या, आणि 11 ऑगस्टला शुक्रवारच्या नमाजानंतर जामा मशिदीच्या परिसरात मुंबई पेटली. गिरणी कामगारांचे जथे उतरले. ऐंशीच्या आसपास माणसे मेली. पुढच्या वर्षी पुण्यातल्या हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरवली आणि सार्वजनिक गणपतीच्या मेळ्यांनी रस्ते धरले. कित्येक पिढ्या एकत्र नाचलेली माणसे वर्षाच्या आत वेगवेगळ्या मिरवणुकांत गेली. ताबुतापुढच्या नाचात मैत्री होती. पण काठेवाडची बातमी आल्यावर दुसऱ्या मोहल्ल्यात जाऊन ‘खरे काय, खोटे काय’ विचारण्याची जबाबदारी कुणाच्याच गळ्यात नव्हती.

याच काळात कोल्हापुरात वेगळ्या धाटणीचे काम उभे राहत होते. 1906 मध्ये तिथे मुस्लिम बोर्डिंग निघाले. वेगवेगळ्या जातींची वसतिगृहे निघत होती, मग मुसलमान मुलांचे का नको, असा शाहू महाराजांचा रोकडा हिशेब. समाजातले पुढारी जमेनात म्हणून ते चालवणाऱ्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. राजाला भाषण ठोकून मोकळे होता आले असते. त्याने संस्था काढली, तिला उत्पन्न लावून दिले, तिची घडी बसवली. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कुरुंदवाडला पाच मशिदींत गणपती बसतो आणि मोहरम त्याच दिवसांत आला की पीर आणि गणपती शेजारी शेजारी असतात. दर गणेशोत्सवात वाहिन्यांचे कॅमेरे तिथे पोचतात. लोक परंपरा सांगतात, बातमीदार ‘अनोखा सलोखा’ म्हणतो. कुरुंदवाडहून फार दूर नसलेल्या मिरजेत 2009 च्या गणेशोत्सवात अफझलखानाच्या वधाच्या कमानीवरून दंगल उसळली, विसर्जन खोळंबले आणि ती आसपासच्या गावांत पसरली. मिरजेलाही परंपरा कमी नाही, ख्वाजा शमनामीर यांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणे होते, तिथल्या तंतुवाद्यांच्या कारागिरांची घराणी सगळ्या देशाला ठाऊक. तरी एक कमान पुरेशी ठरली.

मग कुरुंदवाडकर नेमके काय करतात? माझा समज असा की मशिदीतला गणपती हे फळ आहे. मूळ आहे त्या गणपतीसाठी दरवर्षी करावी लागणारी बैठक. वर्गणी कुणाकडे, मंडप कुणाचा, आरतीची वेळ आणि अजानची वेळ, वीज कुणाच्या मीटरवरून. यातल्या प्रत्येक बारीक गोष्टीसाठी दोन्हीकडच्या पाच-दहा जणांना एकत्र बसावे लागते, भांडावे लागते, पुन्हा बसावे लागते. कॅमेऱ्यात ती बैठक येत नाही.

सलोख्याचे हुतात्मेही आपल्याकडे आहेत. 1 जुलै 1946 ला अहमदाबादेत रथयात्रेच्या वेळी दंगल भडकली. काँग्रेस सेवादलाचे वसंतराव हेगिष्टे आणि रजबअली लाखाणी हे दोघे मित्र जमावाला अडवायला गेले आणि दोघेही मारले गेले. हेगिष्टे मराठी कुटुंबातले. अहमदाबादेत त्यांचे स्मारक आहे, महाराष्ट्रात मात्र ते नाव फारसे कुणाला सांगता येणार नाही. त्यांच्या धैर्यापुढे मान लवते. तरी संपादकीय लिहिणाऱ्याला एक रुक्ष गोष्ट नोंदवावी लागते, की दोन माणसांना जमावापुढे छाती काढून उभे राहावे लागते तेव्हा त्याआधीच्या कितीतरी पायऱ्या हुकलेल्या असतात.

त्या पायऱ्या कशा बांधाव्यात याचा महाराष्ट्रातला सगळ्यांत तपशीलवार धडा भिवंडीने दिला.

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. मूळचे कोकणी मुसलमान, भोवतालच्या खेड्यांतले आगरी, उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, सूत आणि कापडाच्या व्यापारातले गुजराती-मारवाडी. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, मजूर तिसरा. एका धर्माचा माणूस दुसऱ्याशिवाय दिवसभरही धंदा करू शकणार नाही, अशी रचना. अर्थशास्त्र्याला विचारले असते तर त्याने सांगितले असते, इथे दंगल होणे कुणाच्याच फायद्याचे नाही. 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत तिथे दंगल सुरू झाली, जळगाव आणि महाडपर्यंत गेली. एकट्या भिवंडी आणि लगतच्या गावांत दीडशेहून अधिक माणसे मेली, त्यांत बहुसंख्य मुसलमान. न्यायमूर्ती मादन आयोगाने मिरवणुकीचा मार्ग, घोषणा, गुलाल आणि पोलिसांचा पक्षपात यांचा कीस काढून मोठा अहवाल दिला. तो कपाटात गेला. 1984 च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा पेटली, या वेळी आग ठाणे आणि मुंबईत शिरली आणि अडीचशेहून अधिक बळी गेले.

शांतता समिती भिवंडीतही असे, जशी ती राज्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्याला असते. ही बैठक ज्याने पाहिली आहे त्याला तिचे वर्णन वेगळे सांगायला नको. ठाण्याच्या आवारात मांडव, लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या. पहिल्या रांगेत आजी आणि माजी नगरसेवक, त्यांच्यामागे इच्छुक. साहेब यायला पाऊण तास उशीर. मग एक मौलाना शेर म्हणतात, एक मंडळाध्यक्ष ‘या गावात आपण सगळे भाऊ भाऊ’ म्हणतात, एक जण विषय सोडून गटाराचे बोलतो आणि त्याला खाली बसवतात. डीजेच्या आवाजाची मर्यादा वाचून दाखवली जाते. चहा, पारले-जी, गटफोटो. पुढची बैठक पुढच्या सणाला. गंमत अशी की त्या मांडवात कामाचे बोलत होता तो गटारवालाच.

1988 मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले आणि त्यांनी त्या गटारवाल्याला मधोमध बसवले. त्यांच्या मोहल्ला समित्यांची मांडणी सांगायला सोपी आहे, चालवायला दुष्कर. समिती अख्ख्या शहराची नाही, लागून असलेल्या हिंदू आणि मुसलमान वस्त्यांची. सदस्य दोन्हीकडचे सारखे. राजकीय पुढारी नकोत आणि गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले नकोत. मागवाला, दुकानदार, मास्तर, कामगार, म्हणजे जो दिवसभर त्याच वस्तीत असतो आणि रात्रीही तिथेच झोपतो असा माणूस. बैठक बोलवायची त्या भागातल्या कनिष्ठ पोलिसाने. अशा सत्तरच्या आसपास समित्या शहरभर झाल्या. सण असो वा नसो, त्या बसत राहिल्या.

आणि बोलत काय? नळाला पाणी नाही, कचऱ्याची गाडी येत नाही, अमक्याचा पोरगा कोपऱ्यावर उभा राहून मुलींना त्रास देतो, रात्रपाळीच्या मागांचा खडखडाट. धर्म हा विषय बहुतेक वेळा निघतच नसे. पण वर्ष-दीड वर्ष असे बसल्यावर दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे हवालदाराला वस्ती कळली. वस्तीलाही हवालदार कळला, जी गोष्ट 1970 आणि 1984 नंतर मुसलमान वस्त्यांत जवळजवळ अशक्य वाटत होती. दुसरी अधिक महत्त्वाची. अफवा आली की तिची शहानिशा करायला पलीकडच्या गल्लीत नेमके कुणाच्या दारावर थाप मारायची, हे आता प्रत्येकाला माहीत झाले. मोबाइल नव्हते, साधे फोनही मोजक्या घरांत. चालत जाऊन विचारायचे. दंगल ही बातमी आणि शहानिशा यांच्यातल्या अंतरात शिरते. समित्यांनी ते अंतर एका गल्लीइतके केले.

6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पडली. मुंबई डिसेंबरात पेटली, जानेवारीत पुन्हा पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या मोजणीप्रमाणे 900 माणसे मेली, त्यांत 575 मुसलमान आणि 275 हिंदू. दंगलींसाठी कुप्रसिद्ध असलेली भिवंडी, मुंबईच्या इतक्या जवळ असूनही, शांत राहिली. समित्यांची माणसे पोलिसांसोबत रस्त्यावर होती. मुंबई जळताना भिवंडी का जळली नाही, या प्रश्नावर खोपडे यांनी पुढे स्वतः पुस्तक लिहिले. अमेरिकेतले भारतीय अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी दंगलग्रस्त आणि शांत शहरांच्या जोड्या लावून जो अभ्यास केला आणि जो 2002 साली पुस्तकरूपाने आला, त्यातही भिवंडीला जागा मिळाली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की शेजारपाजाराची रोजची ऊठबस खेड्यात पुरते, शहरात पुरत नाही. शहराला दोन्ही समाजांची माणसे असलेल्या संघटना लागतात, कामगारांच्या, व्यापाऱ्यांच्या, वाचकांच्या, कसल्याही. त्या आपोआप वाढलेल्या नसतील तर बाहेरून लावताही येतात, याचा दाखला म्हणून त्यांना भिवंडी सापडली.

मुंबईने हा धडा उशिरा गिरवला. 1994 च्या सुमारास तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि दिल्ली, भागलपूर इथल्या दंगलग्रस्तांत काम केलेल्या सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला समित्यांची चळवळ उभी केली. भिवंडीत पोलीस पुढे होते, मुंबईत नागरिक पुढे आणि पोलीस सोबत. सुरुवातीच्या बैठका म्हणजे पोलिसांवरच्या संतापाला वाट करून देण्याच्याच होत्या, आणि तो संताप ऐकून घेणे हेच वरिष्ठांचे पहिले काम होते. हळूहळू विषय रेशनकार्ड, पाणी, शाळेचे प्रवेश यांवर आले. बायका मोठ्या संख्येने आल्या, त्या आल्यावर बैठका भाषणांपुरत्या राहिल्या नाहीत. पोरांसाठी क्रिकेटचे सामने सुरू झाले, मोहल्ल्यातली पोरे आणि पोलीस एकाच मैदानात. यावर तेव्हा नाके मुरडणारे बरेच होते. क्रिकेटने काय दंगली थांबतात? थांबत नाहीत. पण बंदोबस्तावरचा शिपाई आणि नाक्यावरचा पोरगा यांची नावाने ओळख होते.

धारावीत हे काम दोन मित्रांच्या नावाने ओळखले गेले, भाऊ कोर्डे आणि वकार खान. 1993 नंतरच्या धारावीत मोहल्ला समितीचे काम करताना वकार खान यांनी एक साधी गोष्ट केली. चार धर्मांच्या वेशातली चार मुले उभी करून फोटो काढला आणि ‘हम सब एक हैं’ असे भित्तिपत्रक छापले. ते मुंबईभर गेले, पोलीस ठाण्यांच्या भिंतींवर लागले. अभिजनांना त्यात बाळबोधपणा दिसला असेल. दोघांनी मिळून एक छोटा चित्रपटही केला. अंजली माँतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी 2003 मध्ये ‘नाता’ हा माहितीपट काढला तो या दोघांवर. त्यात जे दिसते ते पुढारीपणाच्या आपल्या कल्पनेत बसत नाही. हे दोघे भाषणे देत हिंडत नाहीत. ते लोकांच्या घरी जातात, बसतात, ऐकतात, मधूनच एकमेकांची चेष्टा करतात. त्यांची मैत्री हे वस्तीसमोरचे उदाहरण होते आणि वस्तीचे हत्यारही, कारण भाऊंना कळलेली गोष्ट वकारभाईंना कळणार आणि वकारभाईंची भाऊंना, हे सगळ्या धारावीला ठाऊक होते.

इथवरचे वाचून कुणाला वाटेल की कृती सापडली, आता प्रत्येक ठाण्यात एक समिती नेमा. सरकारला तसे वाटलेच होते. 15 ऑगस्ट 2007 ला गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. कल्पना पाटलांच्या स्वभावाला साजेशी, मातीतली: गावातले तंटे गावात मिटवा, समिती नेमा, गाव तंटामुक्त झाले की बक्षीस. काही गावांत तिने खरोखर चांगले काम केले, बांधाची आणि वाटणीची जुनी भांडणे मिटली. पण बक्षीस आले की आकडे आले, आणि आकडे आले की कुठे तंटा मिटण्याऐवजी तंटामुक्तीचा फलक लागला. समिती वरून नेमता येते. तिच्यात बसण्याची सवय वरून नेमता येत नाही, आणि मोहिमेचा जोर ओसरला की ती सवय टिकवायला कुणी बांधील राहत नाही.

भिवंडीलाही तेच भोवले. 5 जुलै 2006 ला तिथल्या कोटरगेट भागात पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या वादावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात दोघे मेले, त्याच रात्री दोन पोलीस शिपाई मारले गेले. ही हिंदू-मुसलमान दंगल नव्हती आणि तिची तशी दंगल झाली नाही, ही जमेची बाजू. पण खोपड्यांनी जे जिवापाड उभे केले होते, वस्तीचा पोलिसावर आणि पोलिसाचा वस्तीवर विश्वास, नेमके तेच त्या दिवशी कमी पडले. अधिकाऱ्याची बदली तीन वर्षांनी होते. नवा येतो त्याला आधीच्याची समिती ही आधीच्याची हौस वाटते.

याच्या उलट गोष्ट मालेगावची, तेही मागांचेच गाव. 8 सप्टेंबर 2006 ला शब-ए-बारातच्या दिवशी, शुक्रवारच्या नमाजानंतर मशीद आणि कबरस्तानाच्या परिसरात स्फोट झाले, तीसहून अधिक माणसे गेली. 2001 मध्ये याच गावात दंगल होऊन गोळीबार झाला होता, त्यामुळे सगळ्यांनी श्वास रोखून धरला होता. दंगल झाली नाही. त्या संध्याकाळी ज्यांनी आपापल्या गल्लीत लोकांना घरात परत नेले, त्यांची नावे कोणत्याही आयोगाच्या अहवालात नाहीत, कारण न झालेल्या दंगलीवर आयोग नेमत नाहीत. आपल्या सार्वजनिक स्मृतीचा हा तोल बिघडलेला आहे. दंगलीचा इतिहास तारीखवार उपलब्ध असतो, साक्षी-पुराव्यांसह छापलेला. टळलेल्या दंगलींचा इतिहास माणसांबरोबर मसणात जातो, आणि पुढच्या पिढीला सगळे पहिल्यापासून शिकावे लागते.

आताच्या पिढीपुढचे गणित आणखी अवघड आहे. 7 जून 2023 ला कोल्हापूर पेटले ते मोबाइलवरच्या स्टेटसवरून. शाहूंच्या गावात इंटरनेट बंद करावे लागले. 10 सप्टेंबरला सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुराचे निमित्त होऊन मशिदीवर हल्ला झाला, एक तरुण मारला गेला. आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, त्याच राज्यात, ईदचे जुलूस विसर्जनासाठी पुढे ढकलले गेले. या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यातल्या आहेत, त्यातली एक लपवून दुसरी सांगणारे दोन्ही बाजूंना भरपूर भेटतील.

मोहल्ला समितीची कल्पना गल्लीवर उभी होती. अफवा पायी येत होती, तिच्यामागे पायी जाता येत होते. आता ती परजिल्ह्यातून, कधी परराज्यातून, रात्री अकराला पाचशे फोनांवर एकदम येते, आणि जमणारी पोरे समितीतल्या पन्नाशीच्या लोकांना ओळखतही नसतात. यावर ‘मुलांचे प्रबोधन करावे’ हे उत्तर निव्वळ आळसाचे आहे. समित्यांची वये बदलावी लागतील. गणेश मंडळाच्या आणि जुलूस कमिटीच्या वॉट्सॅप गटांचे जे विशी-पंचविशीतले ॲडमिन असतात ते आज त्या मोहल्ल्याचे खरे चौकीदार आहेत, त्यांना एकमेकांचे नंबर आणि एकमेकांची तोंडे माहीत असली पाहिजेत. बायका मांडवात शोभेपुरत्या नकोत, मुंबईचा अनुभव पाहता निम्म्या हव्यात. निवडणूक लढवणारा किंवा लढवू पाहणारा माणूस समितीत नसावा, हा खोपड्यांचा नियम सगळ्यांत आधी मोडला जातो, तो पुन्हा बसवला पाहिजे. समिती टिकवणे हा बदलून येणाऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीचा विषय न राहता त्याच्या कामाच्या मूल्यमापनाचा भाग व्हायला हवा.

यांतले काहीच खर्चिक नाही. नवा कायदाही लागत नाही. राज्यातल्या प्रत्येक ठाण्याच्या फलकावर समितीच्या सदस्यांची नावे लागावीत, आणि ज्या महिन्यात एकही सण नव्हता, निवडणूक नव्हती, तणाव नव्हता, अशा महिन्यात किती ठाण्यांच्या समित्या बसल्या, हा आकडा गृहखात्याने दर वर्षी विधिमंडळापुढे ठेवावा.